रेंज फुल, पण नेट नाही: रीस्टार्ट करण्याआधी दोष कुठल्या सांध्यात आहे ते शोधा

वाय-फायच्या काड्या पूर्ण दिसतायत, फोन ‘कनेक्टेड’ म्हणतोय, पण व्हॉट्सॲपचा मेसेज घड्याळाच्या चिन्हावर अडकलाय आणि व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय. राउटरचा डबा बंद करून चालू केला की काही वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. घरच्या नेटबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच.

यावर घरोघरी दोनच उपाय होतात. डब्याचं बटण दाबायचं, नाहीतर कंपनीला फोन लावायचा. रीस्टार्टने काम होतं हे खरं, पण दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर ती सवय घातक आहे, कारण बटण दाबताच दोषाचा पुरावा पुसला जातो. कुठला दिवा लाल होता, फोनला कुठला पत्ता मिळाला होता, पिंग, म्हणजे चाचणीचा छोटा निरोप, कुठे अडकत होती, हे नेट बंद असतानाच दिसतं. म्हणून माझं सांगणं असतं की नेट गेलं की आधी पाच मिनिटं बघा, मग हात लावा. काय बघायचं ते पुढे लिहितो.

फोनपासून साइटपर्यंतची वाट

फोनवर एखादी साइट उघडता तेव्हा मधे चार सांधे असतात. पहिला फोन आणि राउटरमधला, हवेतला. वाय-फाय म्हणजे एवढाच भाग. दुसरा राउटरच्या आतला: घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देणं आणि बाहेर जायचा रस्ता दाखवणं हे काम राउटर करतो. पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात आणि बाहेर जायच्या दाराला गेटवे. तिसरा सांधा घरापासून कंपनीपर्यंतचा. हल्ली तो बहुतेक ठिकाणी फायबरचा असतो आणि फायबरचं टोक घरात ज्या डब्यात शिरतं तो ओएनटी. पुष्कळ घरांत राउटर आणि ओएनटी एकाच डब्यात असतात, आणि अजूनही बरेच जण त्या डब्याला मोडेमच म्हणतात. चौथा सांधा डीएनएसचा. साइटचं नाव आपण अक्षरांत टाकतो, नेटवर्कला मात्र आकडी पत्ता लागतो. नाव घेऊन आकडे शोधून देणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस.

काड्या फक्त पहिल्या सांध्याबद्दल सांगतात, आणि तेही अर्धंच. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतोय ते त्यात दिसतं. फोनचा ट्रान्समीटर राउटरच्या मानाने दुबळा असतो, त्यामुळे मागच्या खोलीत दोन काड्या दिसत असूनही फोनने पाठवलेलं राउटरपर्यंत पोचत नाही, असं सर्रास होतं. बाकीचे तीन सांधे तुटले तरी काड्या जागच्या जागी राहतात.

मग नेट नसताना काड्यांपाशी दिसणारं उद्गारचिन्ह कुठून येतं? अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडला गेला की गूगलच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवतो आणि २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर येतंय का ते बघतो. उत्तर आलं नाही की ‘इंटरनेट नाही’ असं दाखवतो. विंडोजही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवून हेच तपासतं. तेव्हा हे चिन्ह दिसलं तर पासवर्ड पुन्हा टाकत बसण्यात अर्थ नाही. पासवर्ड चुकला असता तर फोन जोडलाच गेला नसता.

आधी दोन साध्या गोष्टी

तपासायला बसताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे लोक हमखास विसरतात. वाय-फायवर नेट मिळालं नाही की फोन गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर जातो, आणि मग ‘माझ्या फोनवर चालतंय, तुझ्याच फोनमध्ये काहीतरी आहे’ असा घरात वाद सुरू होतो.

दुसरं, नेट एकाच उपकरणावर बंद आहे की सगळ्यांवर? एकाच फोनवर बंद असेल तर डब्याला लगेच दोष देऊ नका. त्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं ॲप, चालू आहे का बघा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचा पर्याय असतो. जाहिराती बंद करण्यासाठी कुणीतरी सांगितलेलं नाव तिथे टाकलेलं असतं आणि तो सर्व्हर बंद पडला की त्या फोनचं नेट गेल्यासारखं वाटतं. तो पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर आणून बघा. जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्या साइट सुरक्षेचा इशारा देत असतील तर तारीख तपासा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटर नाकारतो.

सगळ्यांवरच बंद असेल तर डब्याकडे चला.

दिवे वाचा

ओएनटीवरचे दोन दिवे महत्त्वाचे. एक ‘पॉन’ आणि दुसरा ‘एलओएस’. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर तुमचा डबा कंपनीच्या यंत्राशी नीट जोडलेला आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी शंभर वेळा रीस्टार्ट करूनही काही होणार नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, निसटली आहे किंवा फार वाकली आहे.

फायबरची वायर विजेच्या वायरसारखी हाताळता येत नाही. आत केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश जातो आणि वायर तीव्र कोनात दुमडली की तो प्रकाश वाकलेल्या जागी बाहेर सांडतो. टीव्हीच्या शोकेसमागे डबा सरकवताना, दाराच्या फटीतून वायर नेताना, साफसफाईत कपाट भिंतीला टेकवताना हे होतं. पावसाळ्यात झाडाची फांदी खांबावरच्या वायरवर पडते, उंच ट्रक गल्लीतली लोंबती वायर ओढून नेतो. घरातल्या टोकाला वाक दिसला तर हलक्या हाताने मोकळा करा आणि मिनिटभर थांबून दिवा बघा. हिरव्या किंवा निळ्या टोपीचं ते टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका. त्यातला प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा असतो. अंधार दिसतो म्हणून ते निर्धोक आहे असं नाही. आणि टोकाला बोट लावलं की त्यावर बसलेली घाणसुद्धा प्रकाश अडवते.

दिवा हिरवा आहे पण नेट मधूनच तुटतं, अशी तक्रार असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये डब्याचा आकडी पत्ता टाकला की उघडतं ते) ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा शोधा. तो उणे असतो, डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात. उणे ८ ते उणे २७ यांच्या मधे असायला हवा. उणे १८, उणे २० म्हणजे छान. उणे २७ च्याही खाली घसरला असेल तर कनेक्शन काठावर लटकलंय, आणि ती दुरुस्ती कंपनीच्या माणसानेच करायची असते: जोड पुन्हा मारणं, टोक साफ करणं किंवा वायर बदलणं. हा आकडा तक्रारीत लिहिला की ‘साहेब, एकदा रीस्टार्ट करून बघा’ हे उत्तर सहसा येत नाही.

पॉन हिरवा पण ‘इंटरनेट’चा दिवा बंद किंवा लाल असेल तर वायर ठीक आहे, लॉगिन झालेलं नाही. पुष्कळ कंपन्या पीपीपीओई नावाच्या पद्धतीने राउटरला यूजरनेम-पासवर्ड विचारतात. रिचार्ज संपला असेल तर इथेच अडतं. काही ठिकाणी रिचार्ज संपल्यावर कुठलीही साइट उघडली तरी कंपनीचंच पान येतं, पण ते पान न येताही नेट नुसतं मुकं पडू शकतं. मेसेज तपासा.

तीन पिंग

दिवे ठीक दिसत असतील तर लॅपटॉप उघडा. पिंग म्हणजे एका पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की तुमचा आयपी पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसतो. गेटवे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. फोनवर हेच आकडे वाय-फायच्या नावापुढच्या चक्रात किंवा बाणात सापडतात.

पहिली पिंग गेटवेला. ‘पिंग’, एक जागा, मग तो पत्ता. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. इथेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, किंवा एकदा ३ आणि एकदा ४०० असे आकडे उड्या मारत असतील, तर दोष घरातल्या हवेत आहे. कंपनीचा त्यात संबंध नाही.

दुसरी पिंग ८.८.८.८ ला. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता, २००९ पासून सर्वांना खुला. गेटवेकडून उत्तर येतंय आणि इथून येत नाही, तर बहुधा तिसरा सांधा तुटलाय. डब्यापासून पुढे.

तिसरी पिंग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्यांना उत्तर मिळतं पण नावाला ‘सापडत नाही’ असं येतं, तर डीएनएस बंद आहे. याचं लक्षण मजेशीर असतं: आधीपासून जोडलेला व्हिडिओ कॉल चालू राहतो, नवीन साइट मात्र एकही उघडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि दुसरा १.१.१.१ टाकला की सगळ्या घराला तो लागू होतो. दुसरा पत्ता क्लाउडफ्लेअर कंपनीचा, २०१८ मध्ये सुरू झालेला. फोन-फोन फिरून बदलायची गरज नाही.

पिंगच्या शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि इंग्रजी टी लावला तर ती थांबवेपर्यंत चालू राहते. नेट मधूनच जात असेल तर दोन खिडक्या उघडा, एकीत गेटवे आणि दुसरीत ८.८.८.८, आणि संध्याकाळभर चालू ठेवा. नेट गेलं की कुठली खिडकी आधी अडकली ते डोळ्यांसमोर असतं. महिनोन्‌महिन्यांचा गुंता यातून सुटलेला मी पाहिलाय.

अजून एक आकडा ओळखीचा करून घ्या. आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक काढून घेतलाय. डीएचसीपीचा दोष. फोनवर हेच ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथे अडकलेलं दिसतं. घरात फोन, टीव्ही, कॅमेरे, बल्ब, पाहुण्यांचे मोबाइल असं वाढत गेलं आणि राउटरकडे वाटायला ठेवलेले पत्ते थोडेच असतील तर ते संपतात. एकदा दिलेला पत्ता राउटर ठराविक मुदतीसाठी राखून ठेवतो, पुष्कळदा २४ तास. म्हणजे काल घरी हळदीकुंकवाला आलेल्यांचे फोन आजही जागा अडवून असतात. पत्त्यांची मर्यादा वाढवा किंवा मुदत कमी करा.

लाइट जाऊन आली की नेट जातं

आता एक घर जरा सविस्तर सांगतो, कारण हाच प्रकार मला वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो.

तीन मजली घर, खाली हॉलमध्ये कंपनीचा ओएनटी. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून मुलाने ऑनलाइन एक राउटर मागवला, खालून वर लॅनची वायर ओढली आणि राउटरला लावली. वर रेंज फुल झाली. पण तेव्हापासून विचित्र खेळ सुरू झाला. कधी वडिलांच्या फोनवर नेट बंद, आईच्या चालू. कधी टीव्ही बंद, लॅपटॉप चालू. आणि लाइट जाऊन आली की बहुतेक वेळा सगळंच बंद. कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याच्या लॅपटॉपवर नेट व्यवस्थित चाललं, त्याने तक्रार मिटवली.

नेट बंद असताना दोन फोनचे पत्ते शेजारी ठेवले आणि उलगडा झाला. आईच्या फोनला १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१. वडिलांच्या फोनला १९२.१६८.०.१०५, गेटवे १९२.१६८.०.१. एकाच घरात दोन वेगवेगळ्या रांगांतले पत्ते. वडिलांचा फोन हॉलमध्ये ओएनटीच्या अगदी जवळ होता, तरी त्याला पत्ता दिला होता वरच्या मजल्यावरच्या राउटरने.

असं होतं, कारण खालून आलेली वायर वरच्या राउटरच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, लावली होती. लॅनला लॅन जोडलं की दोन्ही डबे एकाच नेटवर्कचा भाग होतात. नव्याने जोडला गेलेला फोन सगळ्या नेटवर्कला हाक देतो, ‘मला पत्ता द्या’. दोन्ही राउटरमध्ये डीएचसीपी चालू, त्यामुळे जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो. खालच्याने दिला तर नेट चालतं. वरच्याने दिला तर तो ‘बाहेर जायचं दार मी आहे’ असं सांगतो, पण त्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे वॅन पोर्टात, वायरच नसते. काड्या फुल, पत्ता आहे, गेटवेची पिंगसुद्धा लागते, आणि नेट शून्य.

लाइट जाऊन आल्यावर सगळंच का बंद पडायचं? छोटा राउटर चटकन सुरू होतो, ओएनटीला उठायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात घरातली बहुतेक उपकरणं वरच्या राउटरकडून पत्ता घेऊन मोकळी व्हायची. मग ओएनटी सुरू झाला तरी कुणी त्याला विचारायला जायचं नाही. कंपनीच्या माणसाने आपला लॅपटॉप वायरने थेट ओएनटीला लावला होता आणि योगायोगाने त्याला खालच्याच डब्याने पत्ता दिला.

उपाय वीस मिनिटांचा. वरच्या राउटरची खालून येणारी वायर काढायची, लॅपटॉप त्याला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जायचं. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडायचा, बाकीचं राउटर स्वतः बघतो. पर्याय नसेल तर आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, म्हणजे तो खालच्या रांगेत येतो आणि पुढे कधीही उघडता येतो. खालचा डबा तोच पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं त्याच्या यादीत बघून घ्यायचं. त्यानंतर डीएचसीपी बंद करायचं. हा क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपचा पत्ता जाऊन सेटिंगचं पान हातातून निसटू शकतं. मग वायर पुन्हा लॅनला लॅन. आता पत्ते देणारा एकच, बाहेर जायचं दार एकच, आणि वरचा डबा फक्त हवेत सिग्नल सोडतो. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तंतोतंत एकच ठेवला की जिना चढताना फोन आपोआप वरच्या डब्यावर जातो.

वायर वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात लावली असती तरी नेट चाललं असतं, पण घरात दोन नेटवर्कं झाली असती. मग वरच्या मजल्यावरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही, खालचा टीव्ही दिसतच नाही. अनेक जण हे वर्षानुवर्षं सहन करतात.

इथेच रिपीटरबद्दलही सांगतो. प्लगात खोचायचा रिपीटर स्वस्त पडतो, वायर ओढावी लागत नाही, म्हणून लोक तो घेतात. पण साधा एकपट्टी, म्हणजे एकाच लहरपट्ट्यावर चालणारा, रिपीटर जे ऐकतो तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्ध्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज संपते तिथे लावतात. जिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय देणार? लावायचाच तर मधल्या खोलीत लावा. भिंतीतून वायर नेता येत असेल तर मी प्रत्येक वेळी वायरच सुचवतो.

फक्त संध्याकाळी मंदावतं

सकाळी झकास, रात्री आठनंतर रडतं. यात दोन शक्यता आहेत आणि पिंगच्या दोन खिडक्यांनी त्या वेगळ्या करता येतात. गेटवेची पिंग स्थिर पण ८.८.८.८ ची फुगतेय, तर गर्दी कंपनीच्या बाजूला. गेटवेचीच फुगत असेल तर गर्दी तुमच्या हवेत.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवान्याविना वापरायला मोकळा झाला आणि ५ चा बराच मोठा भाग २०१८ मध्ये. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत आणि वाय-फायला एका वेळी किमान २० मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. म्हणून एकमेकांवर न चढणारी अशी तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल आणि तुम्हीही ६ वर, तर दोन्ही राउटर एकमेकांचं ऐकून आलटून पालटून बोलतात. वेग वाटला जातो, पण शिस्त राहते. तुम्ही ‘जरा बाजूला होऊ’ म्हणून ८ वर गेलात तर मात्र शेजारच्या गल्लीतल्या गणपतीच्या स्पीकरसारखं होतं: शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट पोचतो, आणि तुमचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मधलं रिकामं दिसणारं चॅनेल निवडायचा मोह टाळा.

फ्लॅटमध्ये २.४ ची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झवर ठेवू नका, २० करा. ४० ठेवली की जवळजवळ अर्धा पट्टा तुम्ही एकटे व्यापता आणि सगळ्यांचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो, म्हणजे याच पट्ट्याच्या मधोमध. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून राउटर असेल तर जेवणाच्या वेळी कॉल का अडखळतो ते यातून कळेल.

शक्य ते सगळं ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. तिथे चॅनेल पुष्कळ आणि शेजारी कमी. पण हा सिग्नल भिंतीत लवकर थकतो. विटांच्या एका भिंतीपलीकडे चालतो, काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे जेमतेम. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती, जुन्या वाड्यांचं काळ्या दगडाचं बांधकाम, लोखंडी कपाट, मोठा आरसा, गच्चीवरची भरलेली पाण्याची टाकी, हे सगळे सिग्नलचे शत्रू. राउटर टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवण्यापेक्षा घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. दिसायला बरं नाही दिसत, मान्य. पण हा फुकटचा उपाय नवा राउटर घेण्याच्या आधी करून बघाच.

स्मार्ट बल्ब, जुने कॅमेरे, काही प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. ते जोडले जात नसतील तर जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्‌झ बंद ठेवा.

वेग ९४ वर अडकलाय

प्लॅन २०० किंवा ३०० चा, पण वेग मोजला की दर वेळी ९३-९४. कमी-जास्त होत नाही, तिथेच अडकतो. हा आकडा म्हणजे जवळजवळ कबुलीजबाब आहे: वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा इथरनेट, म्हणजे लॅनच्या वायरचा, जोड आहे आणि त्यातून प्रत्यक्षात एवढंच निघतं. एक तर जुन्या राउटरचा पोर्टच १०० चा, नाहीतर लॅनच्या वायरमध्ये दोष. गिगाबिट वेगासाठी वायरच्या आतले आठही तार जोडलेले लागतात, १०० ला चार पुरतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे वायरला प्लग दाबून बसवताना, एक तार सुटला किंवा उंदराने कुरतडला तर जोड मुकाट्याने १०० वर उतरतो, बंद पडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. वायर बदलून बघा, स्वस्तात सुटतं.

दुसरी एक तक्रार खरं तर दोष नसतो. १०० चा प्लॅन आहे आणि डाउनलोड १२ ने होतंय, म्हणून लोक फसवल्यासारखे चिडतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एक जीबीची फाइल उतरायला सव्वा मिनिटाच्या थोडं वर लागत असेल तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

डबा आपोआप रीस्टार्ट होत असेल

ॲडॉप्टर बघा. दिवे लागतात म्हणून तो ठीक असेल असं नाही. जुना ॲडॉप्टर घरात सगळे नेट वापरायला लागले की दम टाकतो आणि डबा क्षणभर विझून पुन्हा उठतो. बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, बहुधा १२, आणि अँपियर तेवढे किंवा जास्त. इन्व्हर्टर असला तरी लाइट जाताना जो क्षणाचा खंड पडतो तेवढ्याने काही डबे रीस्टार्ट होतात. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्या, एकाला देऊन उपयोग नाही.

रीस्टार्ट करायचाच असेल तर क्रमाने. आधी ओएनटी, पॉन स्थिर हिरवा होईपर्यंत थांबा, मग राउटर, मग फोनचं वाय-फाय बंद-चालू. आणि मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीने दाबू नका. ते रीस्टार्ट नाही. त्याने पीपीपीओईचं यूजरनेम, पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळी सेटिंग पुसली जातात आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत घर कोरडं.

तक्रार करताना

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. वेळ सांगा, दिव्यांचा रंग सांगा, आरएक्स पॉवर सांगा, आणि ‘गेटवेची पिंग दोन मिलिसेकंद लागते, ८.८.८.८ ची लागत नाही, लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडून पाहिलंय’ हे वाक्य सांगा. पिंगच्या दोन्ही खिडक्यांचा फोटो आणि लाल दिव्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

माणूस घरी आला की त्याच्याकडून पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड लिहून घ्या. त्याच वेळी वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर आहे ना ते बघून घ्या. डब्यावरच्या स्टिकरचा पासवर्ड तसाच चालू असेल तर तोही बदला, कारण स्टिकरचा फोटो काढायला पाहुण्याला एक सेकंद पुरतो. घरात सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरगावाहून फोनवर दिसत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा पत्ता बघून त्याला दाखवा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. जगभरात आयपीव्ही४ चे, म्हणजे वर आले तसे चार आकड्यांचे, पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून कंपन्या असं करतात. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून आत यायच्या कितीही वाटा (पोर्ट) उघडल्या तरी कॅमेरा बाहेरून दिसणार नाही. एक तर कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवरून बघायचा, नाहीतर जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मागायचा.